संगणकीय दप्तराची किल्ली कोणाकडे?

नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाला. तेथे छापलेले मुद्रांक जिल्ह्याजिल्ह्यांच्या कोषागारांत जात आणि तेथे ते दुहेरी कुलपात ठेवले जात. दुहेरी कुलूप म्हणजे एका दारास दोन कुलपे आणि त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या कर्मचाऱ्यांच्या ताब्यात. दोघेही हजर असल्याखेरीज दार उघडत नसे. रोजच्या विक्रीस लागेल तेवढाच साठा एकेरी कुलपात काढून ठेवावयाचा आणि त्याचा हिशेब वेगळा लिहावयाचा, असा शिरस्ता होता. हा शिरस्ता घालून देणाऱ्यांचा कोणा एका कर्मचाऱ्यावर अविश्वास होता, असे समजण्याचे कारण नाही. सर्व किल्ल्या एकाच हाती असल्या की नुकसान झाल्यावर संशयही एकावरच येतो. दुहेरी कुलपाने सरकारी मालमत्तेचे जसे रक्षण होत असे, तसेच प्रामाणिक कर्मचाऱ्याच्या अब्रूचेही होत असे.

आज शासनाचे बरेचसे दप्तर संगणकात गेले आहे. शेतकऱ्याचा सातबारा, ग्रामपंचायतीची देयके, शाळेतील विद्यार्थ्यांची माहिती, शिक्षकांचे वेतन या सर्वांच्या नोंदी आज्ञावलीत होतात. लाकडी कपाटाच्या कुलपाची जागा लॉगिन आणि पासवर्ड यांनी घेतली आहे. प्रश्न मात्र जुनेच आहेत. दप्तर कोणी पाहावे? त्यात कोणी लिहावे? लिहिलेले कोणी तपासावे? चूक झाल्यास ती कोणी दुरुस्त करावी? संगणकाला या प्रश्नांची उत्तरे आधी शिकवून ठेवावी लागतात. ती शिकविण्याची जी पद्धत जगभर मान्य झाली आहे, तिला पदनिहाय प्रवेश नियंत्रण असे म्हणता येईल. व्यक्ती पाहून अधिकार न देता पद पाहून अधिकार द्यावयाचे, हे तिचे मुख्य सूत्र होय.

वतनाकडून पदाकडे

महाराष्ट्रातील ग्रामीण कारभाराला हे सूत्र नवे नाही. पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. वसुलीची जबाबदारी पाटलाकडे आणि लिखाणाची कुलकर्ण्याकडे, अशी कामाची विभागणी त्या काळीही होती. परंतु दोन्ही कामे वतनाची होती. दप्तरावरचा हक्क बापाकडून मुलाकडे जाई. पुढे १९५० च्या अधिनियमाने परगणा व कुलकर्णी वतने रद्द करण्यात आली आणि १९६२ च्या अधिनियमाने मुलकी पाटलाचे पद संपुष्टात आले. गावच्या लिखाणाचे काम तलाठी या पगारी, बदलीपात्र सरकारी नोकराकडे स्थिरावले.

या बदलाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. दप्तर तलाठ्याचे नसून सज्जाचे झाले. तलाठी बदलून गेला की दप्तर, शिक्के आणि किल्ल्या यांची यादी करून कार्यभार सोपवावयाचा आणि नव्या माणसाने यादीवर सही करावयाची. अधिकार पदाला चिकटलेला राहतो, माणसे येतात आणि जातात. पदनिहाय प्रवेश नियंत्रणाचे सार एवढेच आहे.

पदांची नावे बदलली तरी हे सार बदलत नाही. महाराष्ट्रात तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी असे नामाभिधान मिळाले आहे आणि ग्रामसेवकास ग्रामपंचायत अधिकारी म्हटले जाते. ज्या आज्ञावलीत अधिकार पदाशी नीट जोडलेले आहेत, तेथे अशा वेळी एका ठिकाणी नाव बदलले की काम भागते.

संगणकशास्त्रातील वाटचाल

संगणकशास्त्राला या सूत्रापर्यंत पोहोचण्यास बराच काळ लागला. आरंभीच्या मोठ्या संगणकांवर अनेक जण एकाच वेळी काम करू लागले, तेव्हा प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे तिला काय करता येईल याची यादी ठेवण्यात येई. १९७५ साली जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणाची काही तत्त्वे मांडली. प्रत्येकास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, त्याहून अधिक नसावा, हे त्यांतील एक महत्त्वाचे तत्त्व होते. कोषागारातील एकेरी कुलपात रोजच्या गरजेपुरताच साठा ठेवण्यामागील विचार याच जातीचा होता.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ साली पदाधारित नियंत्रणाची रीतसर मांडणी केली. १९९६ साली रवी संधू आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या मांडणीचे निरनिराळे नमुने विस्ताराने सांगितले. संधू यांचे शिक्षण मुंबई व दिल्ली येथील आय.आय.टी.त झालेले आहे. २००४ साली या पद्धतीस अमेरिकेत राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आज बँका, रुग्णालये, कारखाने आणि शासकीय कार्यालये यांच्या बहुतेक आज्ञावल्यांमध्ये ही पद्धत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात वापरली जाते.

व्यक्ती, पद आणि परवानगी

या पद्धतीचे तीन घटक आहेत. पहिला घटक व्यक्ती. दुसरा पद, म्हणजे आज्ञावलीच्या दृष्टीने तिने पार पाडावयाची भूमिका. तिसरा परवानगी, म्हणजे एखाद्या नोंदीवर करता येणारी एक विशिष्ट क्रिया. पाहणे ही एक परवानगी, नवी नोंद भरणे ही दुसरी, दुरुस्त करणे ही तिसरी, मान्य करणे ही चौथी. परवानग्या पदाला द्यावयाच्या आणि व्यक्तीला पदावर नेमावयाचे. व्यक्तीला थेट परवानगी द्यावयाची नाही, हा दंडक पाळला की पुढचा सर्व कारभार सोपा होतो.

एक साधा हिशेब पाहावा. समजा, एका कार्यालयात ६० कर्मचारी आहेत आणि आज्ञावलीत ३० प्रकारची कामे होतात. प्रत्येक व्यक्तीबाबत प्रत्येक कामाचा वेगळा निर्णय घ्यावयाचा म्हटल्यास १,८०० निर्णय घ्यावे लागतील आणि दर बदलीच्या वेळी त्यांतील कित्येक पुन्हा घ्यावे लागतील. त्याऐवजी सहा पदे निश्चित केली, तर सहा पदांसाठी १८० निर्णय आणि ६० व्यक्तींच्या ६० नेमणुका, असे एकूण २४० निर्णय पुरतात. बदली झाली की एक नेमणूक काढावयाची आणि दुसरी करावयाची. १,८०० खणांचा तक्ता कोणीही बारकाईने तपासत नाही. १८० खणांचा तक्ता एका बैठकीत वाचून होतो, आणि जो वाचून होतो त्यातीलच चुका सापडतात.

या तीन घटकांना आणखी दोन गोष्टींची जोड द्यावी लागते. पहिली कार्यक्षेत्राची. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. निफाड तालुक्यातील ग्राम महसूल अधिकारी आणि सुरगाण्यातील ग्राम महसूल अधिकारी यांचे पद एकच, परंतु एकाला दुसऱ्याच्या सज्जातील नोंद बदलता येता कामा नये. दुसरी गोष्ट कर्तव्यांच्या विभागणीची. काही कामे अशी असतात की ती एकाच माणसाने करणे इष्ट नसते. ज्याने नोंद केली, त्यानेच ती प्रमाणित करू नये. ज्याने देयक तयार केले, त्यानेच ते मंजूर करू नये. दुहेरी कुलूप म्हणतात ते हेच.

फेरफाराचे उदाहरण

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे पाहावयाचे असेल, तर राज्यातील ई-फेरफार प्रणालीसारखे दुसरे उदाहरण नाही. समजा, निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने शेजाऱ्याची दोन एकर जमीन विकत घेतली. दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदला जातो. त्याची माहिती संगणकाद्वारे महसूल यंत्रणेकडे जाते आणि गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद तयार होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते. नमुना नऊची नोटीस म्हणून ती खेड्यापाड्यांत परिचित आहे. हरकत घेण्यास १५ दिवसांची मुदत असते. हरकत आल्यास प्रकरण सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतात आणि त्यानंतर सातबारावर नव्या मालकाचे नाव येते.

यात कोणाच्या हाती काय आहे ते पाहण्यासारखे आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितात, पण सातबारा बदलू शकत नाहीत. ग्राम महसूल अधिकारी फेरफाराचे काम पुढे नेतात, पण तो प्रमाणित करू शकत नाहीत. मंडळ अधिकारी प्रमाणित करतात किंवा नामंजूर करतात, पण स्वतः फेरफार सुरू करून तो स्वतःच संपवावा, अशी व्यवस्था नाही. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी अधिनियमात कलम १५५ आहे. तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असून व्यवहारात तो तहसीलदार स्तरावर वापरला जातो. तालुक्यातील वापरकर्त्यांना लॉगिन देणे आणि त्यांना गावे जोडून देणे, हे काम नायब तहसीलदाराकडे सोपविलेले असते.

संगणकाने येथे नवा कायदा केलेला नाही. नोंद करणारा वेगळा आणि प्रमाणित करणारा वेगळा, ही तरतूद कायद्यातच आहे. आज्ञावलीने तिला दाराचे स्वरूप दिले, एवढेच. कागदी नोंदवहीत एखाद्याने क्रम मोडला, तर ते पुढे केव्हातरी तपासणीत कळे. आज्ञावलीत अधिकार नीट बसविले असतील, तर क्रम मोडताच येत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. एका रात्रीत सातबारावरून नाव गेले आणि त्याचा पत्ता वर्षाने लागला, अशी वेळ ज्या कुटुंबावर येते, त्याची पुढची वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविण्यात जातात.

नागरिक हेसुद्धा या व्यवस्थेतील एक पदच आहे. सातबारा पाहण्याची मुभा सर्वांना आहे आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही उपलब्ध झाला आहे. ई-हक्क प्रणालीतून वारस नोंदीसारखे अर्ज नागरिकाला घरबसल्या करता येतात. म्हणजे पाहण्याची आणि अर्ज करण्याची परवानगी त्याला आहे, नोंद बदलण्याची नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने शेतकऱ्याला आणखी एक परवानगी दिली. गाव नमुना बारामधील पिकाची नोंद पूर्वी तलाठी करीत. आता शेतकरी स्वतः शेतात जाऊन, पिकाचे छायाचित्र काढून ती मोबाईलवरून करू शकतो. परंतु ही परवानगी त्याच्या स्वतःच्या खात्यापुरती आणि पिकाच्या नोंदीपुरतीच आहे. शेजारच्या गटात त्याला कांदा लावता येत नाही आणि स्वतःच्या गटाचे क्षेत्र वाढविता येत नाही. कामापुरता अधिकार म्हणजे काय, हे समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

ग्रामपंचायतीचा पैसा

ग्रामपंचायतीच्या निधीतून पैसे काढताना सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त सह्या लागत, हे पंचायत सदस्यांना सांगण्याची गरज नाही. धनादेशाच्या जागी आता संगणकीय प्रदान आले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी, केंद्र शासनाने ई-ग्रामस्वराज ही प्रणाली सुरू केली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील खर्च तिच्यातून होतो. ग्रामपंचायत अधिकारी देयकाची नोंद तयार करतात आणि आपली डिजिटल स्वाक्षरी करतात. सरपंच ती तपासून आपल्या डिजिटल स्वाक्षरीने मंजूर करतात. दोन्ही स्वाक्षऱ्या झाल्याखेरीज पैसा पुढे सरकत नाही. एक तयार करणारा, दुसरा तपासणारा, अशी ही विभागणी आहे.

डिजिटल स्वाक्षरीचे साधन म्हणजे बोटाएवढा डोंगल असतो. तो संगणकाला लावून पिन दिला की स्वाक्षरी होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अशा स्वाक्षरीस हाताने केलेल्या सहीइतकीच मान्यता दिली आहे. येथेच सावधगिरीची जागा आहे. सही दुसऱ्याने केली तर अक्षर ओळखता येते. डोंगल दुसऱ्याने लावला तर संगणकाला काहीच ओळखता येत नाही. त्याच्या लेखी सरपंचांनीच मंजुरी दिलेली असते.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. निवडून आलेल्या भगिनीने सभेत बसावे, प्रश्न विचारावेत, खर्चाचे कागद वाचावेत, यासाठी गेली तीन दशके प्रशिक्षणे झाली, मेळावे झाले. अशा सरपंच भगिनीचा डोंगल घरातील पुरुषाच्या खिशात असेल, किंवा सोयीसाठी म्हणून कार्यालयातील संगणकालाच कायमचा लावलेला असेल आणि पिन टेबलाच्या काचेखाली लिहिलेला असेल, तर त्या आरक्षणाचे काय राहिले? खुर्ची तिची, जबाबदारी तिची, लेखापरीक्षणात नाव तिचे, आणि निर्णय मात्र दुसऱ्याचा. दुहेरी कुलपाच्या दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीला अडकविल्यासारखे हे आहे. डोंगल आपल्याजवळ ठेवणे आणि प्रत्येक देयक वाचूनच पिन देणे, हा सरपंचपदाच्या कर्तव्याचा भाग आहे.

शाळेतील नोंदी

शाळांचा अनुभवही याच प्रकारचा आहे. शालार्थ प्रणालीत मुख्याध्यापक वेतन देयक तयार करतात आणि ते वरच्या स्तरावरील आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे जाते. विद्यार्थ्यांची माहिती शाळेच्या लॉगिनवरून भरली जाते आणि ती तपासण्याचे काम वरच्या स्तरावर होते. विद्यार्थ्याची जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, अपंगत्व, पालकांचा मोबाईल क्रमांक ही सर्व माहिती त्यात येते. ती त्या मुलाची आणि त्याच्या कुटुंबाची आहे, शाळेकडे ती केवळ विश्वासाने सोपविलेली आहे. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने बालकांच्या माहितीबाबत विशेष काळजी सांगितली आहे.

वर्गशिक्षकाला आपल्या वर्गाची हजेरी भरावयाची असते. त्यासाठी संपूर्ण शाळेतील मुलांचे आधार क्रमांक त्याच्यासमोर येण्याचे कारण नाही. पोषण आहाराची नोंद ठेवणाऱ्यास उपस्थितांची संख्या लागते, त्यांच्या जातीची माहिती लागत नाही. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी संगणक येणाऱ्या एकाच शिक्षकाकडे शाळेचे सर्व लॉगिन दिलेले आढळतात. त्या शिक्षकाच्या कष्टांबद्दल दुमत नाही. पण तो रजेवर गेला की शाळेचे काम अडते आणि चूक झाली की सर्व दोष त्याच्याच माथी येतो. अधिकार वाटून दिले तर कामही वाटले जाईल.

तक्ता कसा बसवावा

नवी आज्ञावली घेताना किंवा जुन्या आज्ञावलीतील अधिकार तपासताना कार्यालय प्रमुखांनी पुढील क्रम ठेवल्यास काम सुकर होते. यासाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. आपल्या कामाचे ज्ञान असले म्हणजे पुरे.

(१) प्रथम कामांची यादी करावी. प्रत्येक कामापुढे क्रियापद लिहावे: पाहणे, भरणे, दुरुस्त करणे, प्रमाणित करणे, रद्द करणे, छापणे. ‘सर्व अधिकार’ असा शब्द यादीत येऊ देऊ नये.

(२) नंतर पदांची यादी करावी. तीत माणसांची नावे नसावीत. आज एखादे काम अमुक व्यक्ती करते म्हणून तिच्यासाठी वेगळे पद निर्माण केले, तर ती व्यक्ती गेल्यावर ते पद निष्कारण मागे उरते.

(३) पदे आडवी व कामे उभी मांडून तक्ता करावा आणि ज्या खणात कायदा, नियम अथवा आदेश यांचा आधार आहे, तेथेच खूण करावी. जेथे खूण नाही तेथे मनाई आहे, असे धरावे. शंका असल्यास खण रिकामा ठेवावा. अधिकार कमी पडला तर कर्मचारी दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो. अधिकार जास्त झाला तर कोणीही सांगत नाही.

(४) प्रत्येक नेमणुकीस कार्यक्षेत्र जोडावे: गाव, सज्जा, मंडळ, केंद्र किंवा तालुका.

(५) जी कामे एका माणसाकडे एकत्र येऊ नयेत, त्यांच्या जोड्या लिहून काढाव्यात. अतिरिक्त कार्यभाराच्या वेळी याचे महत्त्व कळते. समजा, एखाद्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे काही दिवस मंडळ अधिकाऱ्याचा कार्यभार आला. दोन्ही पदे त्याच्याकडे राहतील, परंतु स्वतः केलेली नोंद स्वतः प्रमाणित करता येणार नाही, अशी अट आज्ञावलीत असली पाहिजे. त्या नोंदी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाव्यात.

(६) लॉगिन देणाऱ्या व्यक्तीकडे शक्यतो नोंदींचे काम ठेवू नये. जो किल्ल्या घडवितो, त्याने तिजोरी सांभाळू नये.

(७) तात्पुरत्या नेमणुकीस शेवटची तारीख घालावी. सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी इतर ठिकाणांहून अधिकारी व कर्मचारी नाशिक-त्र्यंबकेश्वरला येतात. निवडणुकीच्या कामावर शिक्षक नेमले जातात. काम संपताच त्यांचा प्रवेश आपोआप बंद व्हावयास हवा.

(८) कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती नोंद पाहिली किंवा बदलली, याची नोंदवही आज्ञावली स्वतःच ठेवते. ती ज्यांच्या कृतींची आहे, त्यांना ती पुसता येऊ नये. वरिष्ठांनी ती अधूनमधून वाचावी. न वाचलेली नोंदवही असून नसल्यासारखी असते.

(९) दर तीन महिन्यांनी तक्ता आणि वापरकर्त्यांची यादी हजेरीपटाशी ताडून पाहावी. बदलून गेलेले, निवृत्त झालेले आणि दिवंगत झालेले कर्मचारी आज्ञावलीत अजून ‘कामावर’ आहेत काय, हे त्यावरून कळते.

बदलीचा दिवस

प्रवेश नियंत्रणाची खरी कसोटी बदलीच्या दिवशी लागते. महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांच्या नियमित बदल्या २००५ च्या अधिनियमानुसार साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत होतात. एकाच सुमारास अनेक माणसे जागा बदलतात. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत दप्तर, नोंदवह्या, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या यांचा उल्लेख येतो. त्या यादीत आणखी चार ओळी असाव्यात: बंद केलेले लॉगिन, नव्याने सुरू केलेले लॉगिन, डिजिटल स्वाक्षरीची स्थिती आणि कार्यालयाच्या नावे नोंदविलेला मोबाईल क्रमांक. शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण ओटीपी त्या क्रमांकावर जातो. तो क्रमांक बदलून गेलेल्या माणसाचा राहिला, तर दाराची एक किल्ली त्याच्याबरोबर परगावी गेली असे समजावे.

ग्रामपंचायतीची मुदत संपल्यावर किंवा नवे सरपंच निवडून आल्यावरही हीच दक्षता घ्यावी. आधीच्या पदाधिकाऱ्याची स्वाक्षरी प्रणालीतून काढल्याखेरीज नव्या कारभाराचा पहिला दिवस पुरा झाला असे मानू नये.

उसनी किल्ली

तक्ता कितीही काटेकोर असला, तरी पासवर्ड दुसऱ्याला सांगितला की तो निरुपयोगी ठरतो. पासवर्ड सांगण्यामागे पुष्कळदा वाईट हेतू नसतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर अशा डोंगराळ तालुक्यांत काही ठिकाणी मोबाईलचे जाळे नीट मिळत नाही. मग काम उरकावे म्हणून लॉगिन तालुक्याच्या गावी बसणाऱ्या सहकाऱ्याला किंवा खाजगी मदतनिसाला दिले जाते. दोन सज्जांचा कार्यभार असला की वेळ पुरत नाही. वरिष्ठांना माहिती तातडीने हवी असते. या अडचणी खऱ्या आहेत आणि केवळ परिपत्रकाने त्या दूर होणार नाहीत. मदतनिसाची गरज असेल, तर त्याला स्वतःचे, फक्त माहिती भरण्यापुरते लॉगिन रीतसर देता येईल अशी सोय आज्ञावलीत हवी. ज्या नियमाने रोजचे काम अडते, तो नियम लोक आडवाटेने मोडतात. म्हणून अधिकारांचा तक्ता करताना प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना बोलावून विचारणे अगत्याचे आहे.

तरीही कर्मचाऱ्याने एक गोष्ट स्वतःच्या हितासाठी लक्षात ठेवावी. आज्ञावलीची नोंदवही माणसाचा चेहरा पाहत नाही, लॉगिन पाहते. उसन्या किल्लीने झालेली चूक किल्लीच्या मालकाच्या नावावर जमा होते. ‘मी तेव्हा रजेवर होतो’ असे म्हणण्याची वेळ आली, तर पासवर्ड दुसऱ्याकडे कसा गेला, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-क खाली अपराध आहे. त्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे.

संगणकाला न्याय-अन्याय कळत नाही. त्याला जो तक्ता दिला, त्याप्रमाणे तो दार उघडतो किंवा बंद ठेवतो. तो तक्ता ठरविणे आज्ञावली लिहिणाऱ्या अभियंत्यांवर सोडून चालणार नाही. कोणते काम कोणत्या पदाचे आहे, हे त्या पदावर बसणारे अधिकारी, मुख्याध्यापक आणि पंचायतीचे कारभारीच सांगू शकतात. कोषागाराच्या दारापाशी दोन कर्मचारी आपापली किल्ली घेऊन उभे राहत, तेव्हा आतील एकेका मुद्रांकाची जबाबदारी दोघेही ओळखून असत. आज आतमध्ये शेतकऱ्याची जमीन आहे, गावाचा पैसा आहे आणि मुलांची माहिती आहे. आपली किल्ली आपल्याच हाती आहे ना, हे प्रत्येकाने आजच पाहून घ्यावे.